युद्धनौकेचा जुना फोटो कुठला, कधीचा? शोध घेण्याची रीत

कोकणातल्या बऱ्याच घरांत, विशेषतः रत्नागिरीच्या किनारपट्टीवर, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत एखादा तळहाताएवढा फोटो सापडतो. राखाडी जहाज, कठड्याला रेलून उभे राहिलेले खलाशी, मागे धूसर डोंगर. रॉयल इंडियन नेव्हीत, आणि तिच्याआधी रॉयल इंडियन मरीनमध्ये, या भागातली माणसं मोठ्या संख्येनं भरती होत असत. त्यामुळे हे फोटो घराघरांत उरले, पण त्यांच्यामागची माहिती माणसांबरोबर गेली. मागे पेन्सिलीनं फार तर 'मुंबई, 42' असं लिहिलेलं असतं, आणि तेही बहुतेक वेळा फोटो काढल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

असे फोटो ओळखायला मी बरीच वर्षं लोकांना मदत करतो आहे. त्यातून जी रीत बसली ती इथे सविस्तर देतो. ती इंग्लंड-अमेरिकेच्या जहाजांना लागू पडते तशीच आपल्याकडच्या जहाजांनाही. तिचा गाभा असा: फोटो कधीचा हे शोधायला बसू नका, तो कधीचा असूच शकत नाही ते शोधा. प्रत्येक खुणेतून दोनपैकी एक गोष्ट कळते, 'याच्या आधीचा नाही' किंवा 'याच्या नंतरचा नाही'. दोन्ही बाजूंनी कुंपण आत सरकवत गेलं की शेवटी कधी एक वर्ष उरतं, कधी एक आठवडा, आणि नशीब असेल तर एक दुपार.

पहिलं काम: फोटोच नीट पाहणं

मोबाइलनं काढलेला फोटोचा फोटो चालत नाही. सपाट स्कॅनरवर किमान 1200 डीपीआयला स्कॅन करा, पुढची बाजू आणि मागचीही. पांढरी कड कापू नका. निगेटिव्हचा क्रमांक, स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का, अल्बममधून उपटल्याच्या खुणा हे सगळं कडेला आणि पाठीवरच असतं. 6 बाय 9 सेंटिमीटरच्या आसपासचा छोटा प्रिंट असेल तर तो बहुधा निगेटिव्हला थेट चिकटवून काढलेला असतो, म्हणजे कुणाच्या तरी खासगी कॅमेऱ्यातला. अशा प्रिंटमध्ये तपशील आश्चर्य वाटावं इतका असतो, म्हणून स्कॅनिंगमध्ये कंजुषी करू नका.

मग लगेच एक गोष्ट तपासा, जी भलेभले विसरतात: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? डावं-उजवं बदललं की पुढचा सगळा शोध वाया जातो. अक्षरं किंवा आकडे दिसत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर माणसांच्या कोटाची बटणं पाहा, पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते. विमानवाहू जहाज असेल तर डेकवरचा मनोरा उजव्या बाजूला हवा. याला जपानच्या अकागी आणि हिर्यू या दोन जहाजांचा अपवाद आहे, त्यांचा मनोरा डावीकडे होता.

काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक स्वभावही लक्षात ठेवा. त्या काळी दोन प्रकारच्या फिल्म चालत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल जवळजवळ काळा आणि निळा फिकट उमटे. पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये असं होत नसे. म्हणून 'जहाज फिकट रंगाचं दिसतं, म्हणजे हलक्या राखाडी रंगात असणार' हा निष्कर्ष घाईचा ठरतो, तो निळा रंगही असू शकतो. आधी फोटोतला लाल रंग असलेला झेंडा किंवा विमानावरचं चिन्ह शोधा, ते कसं उमटलंय ते पाहा, मग रंगांबद्दल बोला.

दुसरं काम: जहाज कोणतं

धुराडी किती, डोलकाठ्या किती आणि कुठे, तोफा पुढे किती, मागे किती. या तीन गोष्टींवरून जहाजाचा वर्ग बहुतेक वेळा ठरतो. वर्ग ठरला तरी जहाज ठरत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एकाच वर्गातली भावंडं-जहाजं लांबून सारखी दिसतात, आणि फोटोखाली नेहमी त्यातल्या प्रसिद्ध भावंडाचं नाव पडतं.

ब्रिटिश आणि आपल्या जहाजांच्या अंगावर एक अक्षर आणि आकडे असत. तो मोठाच आधार, आणि त्यात काळही दडलेला असतो. 'कोसॅक' या विनाशिकेचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 1940 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर 'आल्टमार्क' या जर्मन जहाजातून तिनं ब्रिटिश कैदी सोडवले तेव्हा तिच्यावर एफ 03 होतं. त्या वर्षाच्या मध्यावर ब्रिटिश नौदलानं अक्षरं बदलली आणि एफचं जी झालं. म्हणजे जी 03 दिसलं की फोटो 1940 च्या मध्याआधीचा नाही. आणि कोसॅक ऑक्टोबर 1941 मध्ये बुडाली, म्हणून त्यानंतरचाही नाही. एका अक्षरानं दोन्ही कुंपणं मिळाली.

खलाशांच्या टोपीवरची फीतही वाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलानं गुप्ततेसाठी फितीवरून जहाजाचं नाव काढलं आणि फक्त 'एचएमएस' (नावाआधी लागणारी 'हिज मॅजेस्टीज शिप' ची आद्याक्षरं) ठेवलं. फितीवर पूर्ण नाव दिसलं तर फोटो बहुधा युद्धाआधीचा किंवा नंतरचा. 'बहुधा' म्हणतो, कारण स्टुडिओत फोटो काढायला जाताना जुनी फीत घालणारे खलाशीही होते.

आपल्या नौदलाच्या जहाजांसाठी काही तारखा पाठ असाव्यात. 2 ऑक्टोबर 1934 ला रॉयल इंडियन नेव्ही झाली, त्याआधी रॉयल इंडियन मरीन. 'इंडस' ही स्लूप (छोटी संरक्षक युद्धनौका) 6 एप्रिल 1942 ला ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ बुडाली. फाळणीत 'नर्बदा' आणि 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेल्या. 'सतलज', 'जमुना', 'कावेरी' आणि 'कृष्णा' आपल्याकडे राहिल्या. 26 जानेवारी 1950 पर्यंत भारतीय जहाजांच्या मागच्या टोकाला व्हाइट एन्साइन हा ब्रिटिश नौदलाचा झेंडाच असे. आणि मुंबई बंदरातल्या जहाजावर त्याच्याऐवजी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा लाल असे झेंडे एकत्र दिसले, तर तुमच्या हातात फेब्रुवारी 1946 च्या नाविक उठावाचा फोटो आहे. तो उठाव 18 तारखेला 'तलवार' या किनाऱ्यावरच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात सुरू झाला आणि 23 तारखेला संपला. असा फोटो सापडला तर तो ट्रंकेत परत ठेवू नका.

तिसरं काम: जहाजावर काय नवीन आहे

युद्धात जहाज कधीच तसंच्या तसं राहत नाही. दर दुरुस्तीत काहीतरी वाढतं, काहीतरी उतरतं. या बदलांची यादी करणं हे या शोधातलं सगळ्यात रसाळ काम, आणि मला सर्वांत जास्त आवडणारंही.

रडारपासून सुरुवात करा. ब्रिटिश छोट्या जहाजांवर ब्रिजच्या (कप्तान जिथून जहाज हाकतो त्या उंच जागेच्या) मागे कंदिलासारखं गोल, पारदर्शक प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्यांचं घर दिसलं तर ते टाइप 271 रडार. त्याची समुद्रावरची चाचणी मार्च 1941 मध्ये 'ऑर्किस' या कॉर्व्हेटवर (छोट्या संरक्षक जहाजावर) झाली. म्हणून कंदील दिसला की 1941 च्या आधीचं सगळं कापून टाका. मात्र कंदील नसला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते जहाज अजून दुरुस्तीला गेलं नसेल, किंवा सेन्सॉरनं फोटोतून कंदील खरवडून काढला असेल. प्रसिद्धीसाठी दिलेल्या फोटोंत रडार, जहाजाचा आकडा, कधी मागचा अख्खा किनारा ब्रशनं पुसलेला असे. डोलकाठीच्या टोकाशी आकाश विचित्र गुळगुळीत दिसलं की थांबा आणि भिंगातून पाहा. एखादी वस्तू दिसली तर तो पुरावा असतो, दिसली नाही तर क्वचितच असतो.

'हूड' या ब्रिटिश बॅटलक्रूझरवर हे किती नेटकं चालतं ते पाहा. 1940 च्या वसंतातल्या दुरुस्तीत तिच्या बाजूच्या साडेपाच इंची तोफा काढल्या. त्या नसलेला हूडचा फोटो, आणि मागे जिब्राल्टरचा खडक. 'फोर्स एच' या ताफ्याचं प्रमुख जहाज म्हणून ती जूनअखेर जिब्राल्टरला पोहोचली, ऑगस्टच्या सुरुवातीला निघून गेली आणि पुन्हा तिकडे आली नाही. 24 मे 1941 ला ती बुडाली. म्हणजे फोटो त्याच सहा आठवड्यांतला. तोफेवरून काळाचं कुंपण मिळालं, खडकावरून जागा, आणि दोन्ही मिळून महिना.

अमेरिकन विमानवाहू जहाजाचा फोटो असेल तर जहाजाआधी डेकवरची विमानं पाहा. विमानावरच्या पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यात लाल टिकली असेल तर फोटो साधारण मे 1942 पर्यंतचा, कारण जपानी लाल गोळ्याशी गोंधळ होतो म्हणून ती टिकली त्या महिन्यात काढली. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या जून 1943 च्या अखेरीस, आणि तेव्हा त्यांना लाल कड होती. ऑगस्ट 1943 मध्ये ती कड निळी झाली. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल कड ओळखणं कठीण, पण पट्ट्या आहेत की नाहीत एवढं तर कुणालाही दिसतं.

अमेरिकेच्या मेअर आयलंड गोदीतल्या फोटोंवर कधी कधी जहाजाच्या अंगावर पांढरी वर्तुळं काढलेली दिसतात. ती खराबी समजून पुसू नका. गोदीनं नुकत्याच केलेल्या बदलांभोवती ती मुद्दाम काढलेली असत, म्हणजे तुमचं काम गोदीनंच करून ठेवलेलं असतं.

रंगसंगतीचं एकच उदाहरण देतो, कारण ते शिकवण्यासाठी इतकं चांगलं दुसरं नाही. 'बिस्मार्क' या जर्मन जहाजावर मार्च 1941 पासून काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या होत्या. 19 मे ला ती बाल्टिक समुद्रावरच्या गोटेनहाफेन बंदरातून निघाली, 21 मे ला नॉर्वेत बर्गनच्या दक्षिणेला ग्रिमस्टाडफ्योर्डमध्ये थांबली, आणि तिथेच त्या पट्ट्या रंगवून झाकल्या. त्या दिवशी दुपारी ब्रिटिश वैमानिक मायकल सकलिंग यानं स्पिटफायरमधून तिचा प्रसिद्ध फोटो काढला. आता पट्ट्या असलेला आणि मागे उंच, खडकाळ किनारा असलेला फोटो समोर आला तर? बाल्टिक समुद्राचा ती जिथे सराव करत होती तो किनारा सपाट. डोंगर म्हणजे नॉर्वे, पट्ट्या म्हणजे 21 मे ची संध्याकाळ होण्याआधी. नुसत्या पट्ट्या दोन-अडीच महिन्यांपर्यंत नेतात, नुसते डोंगर कुठेच नेत नाहीत, दोन्ही एकत्र आले की एक दिवस मिळतो.

चौथं काम: मागचा किनारा

इथे घाई करणारा हमखास फसतो. डोंगर पाहून 'हे एडन असणार' असं मनात आलं की डोळ्यांना एडनच दिसू लागतं. म्हणून आधी फोटोतलं जहाज कागदानं झाका आणि फक्त क्षितिजरेषा पेन्सिलीनं उतरवून घ्या. मग ती नकाशातल्या भूप्रदेशाच्या त्रिमितीय दृश्याशी ताडून पाहा. डोंगर बदलत नाहीत, पण इमारती बदलतात. म्हणून डोंगरावरून जागा ठरवा आणि इमारतींवरून वर्ष.

मुंबईचं बंदर आपल्या वाचकांना सर्वांत जास्त भेटतं, म्हणून थोडं सविस्तर. बंदरातून पश्चिमेकडे पाहिलं तर ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि राजाबाई टॉवर ही दोन टोकं शोधा. ताज 1903 चं, राजाबाई मनोरा 1878 चा, सुमारे 85 मीटर उंच. मनोरा ताजच्या उत्तरेला, किंचित पश्चिमेला आहे. म्हणून बंदराच्या मध्यातून, पूर्वेकडून पाहताना तो घुमटाच्या उजवीकडे दिसतो. फोटो काढणारा जसजसा दक्षिणेला, कुलाब्याच्या बाजूला सरकतो तसतसं दोघांमधलं अंतर कमी होतं, मग मनोरा घुमटाआड जातो आणि नंतर डावीकडे निघतो. दोघांमधलं अंतर कोनात मोजून तुम्ही नकाशावर एक वक्र रेघ ओढू शकता, आणि फोटो काढणारा त्या रेघेवर कुठेतरी होता हे पक्कं होतं. गेटवे ऑफ इंडिया किंवा दुसरी कोणतीही ठाम खूण मिळाली की दुसरी रेघ निघते. दोन रेघा जिथे छेदतात तिथे कॅमेरा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून समुद्रातली जागा ओळखणं आपल्या मच्छीमारांना नवीन नाही, हे तेच काम आहे, फक्त उलट्या बाजूनं.

पूर्वेकडे पाहणाऱ्या फोटोत घारापुरीच्या टेकड्या, करंजाचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका शोधा. ताजशेजारी उंच नवी इमारत दिसली तर फोटो युद्धकाळातला नाहीच, ती 1970 च्या दशकातली. गोदीतला फोटो असेल तर 14 एप्रिल 1944 ही तारीख समोर ठेवा. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं आणि व्हिक्टोरिया व प्रिन्सेस गोदीतली गोदामं उद्ध्वस्त झाली. मागची गोदामं धड आहेत की नाहीत, यावरून फोटो त्या दिवसाच्या कोणत्या बाजूचा हे कळू शकतं.

ऋतूच्या खुणाही घ्या. मुंबई बंदरात शिडाची गलबतं आणि मचवे मोकळेपणानं फिरताना दिसले तर जून ते ऑगस्ट बहुधा वगळा, पावसाळ्यात खलाशी ती किनाऱ्याला लावून ठेवत. डेकवर कापडी छत ताणलेलं म्हणजे उन्हाचा प्रदेश, पण भूमध्य समुद्रातला जुलैही तसाच असतो. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला छोटा झेंडा फडकत असेल तर जहाज नांगरलेलं किंवा धक्क्याला लागलेलं आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजं चालताना तो सहसा उतरवत.

पाचवं काम: सावली

जागा आणि दिशा ठरल्याशिवाय सावलीला हात लावू नका. त्या ठरल्या की मात्र सावलीसारखा प्रामाणिक साक्षीदार नाही. डेकवर उभा माणूस, त्याची सावली त्याच्या उंचीइतकीच असेल तर सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर. सावली उंचीच्या दुप्पट असेल तर साधारण साडेसव्वीस अंशांवर. सावली कोणत्या दिशेला पडते ते जहाजाच्या दिशेवरून काढा, आणि सनकॅल्कसारख्या साधनात ती जागा घालून कोणत्या तारखांना, कोणत्या वेळी सूर्य तिथे असतो ते पाहा. बहुतेक वेळा दोन उत्तरं येतात, एक वर्षाच्या पूर्वार्धातलं, एक उत्तरार्धातलं. त्यातलं कोणतं, ते ऋतूच्या खुणा सांगतात.

मुंबईची एक खास गंमत आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य इथे डोक्यावर असतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो उत्तरेला असतो. भरदुपारी सावली दक्षिणेला पडलेला मुंबईचा फोटो त्याच अडीच महिन्यांतला.

आणि घड्याळ! सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या काळात मुंबईत सूर्य माथ्यावर येई तेव्हा घड्याळात सुमारे 1 वाजून 40 मिनिटं झालेली असत. इंग्लंडमध्ये 1941 पासून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे असत. लॉगबुकातली (जहाजाच्या रोजच्या नोंदवहीतली) वेळ आणि सावलीची वेळ जुळत नाही म्हणून चांगला पुरावा फेकून देऊ नका, आधी घड्याळ दुरुस्त करा.

सहावं काम: कागद

इथवर फोटोनं जे सांगायचं ते सांगितलं. आता जहाज त्या काळात त्या बंदरात होतं का, हे कागदांत पाहायचं. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी कागद पाहिले की डोळे कागदात लिहिलेलंच फोटोत शोधू लागतात.

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्रिटिश जहाजांची लॉगबुकं एडीएम 53 या मालिकेत आहेत, मात्र युद्धकाळातल्या लहान जहाजांच्या लॉगबुकांचा मोठा भाग जपलेला नाही. त्यांच्यासाठी एडीएम 187 मधल्या 'पिंक लिस्ट' पाहा, त्यांत कोणतं जहाज कुठे तैनात होतं याच्या नोंदी मिळतात. अमेरिकन जहाजांची लॉगबुकं आणि युद्ध-डायऱ्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बऱ्याच ऑनलाइनही. आपल्या नौदलासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या नौदलाच्या अधिकृत फोटोंच्या 'ए' मालिकेतले क्रमांक साधारण काळाच्या क्रमानं जातात, त्यामुळे तारीख नसलेल्या फोटोच्या मागचे-पुढचे क्रमांक पाहिले तरी अंदाज बांधता येतो. पण फोटोवर छापलेली तारीख ही कधी काढल्याची असते, कधी कार्यालयात आल्याची, कधी वर्तमानपत्रांना दिल्याची. ती एक साक्ष आहे, निकाल नव्हे.

सगळं झालं की निष्कर्ष तीन भागांत लिहा: नक्की काय, बहुधा काय, आणि शक्य काय. प्रत्येकापुढे कारण लिहा. फोटोच्या पाठीवर शाईपेनानं काही लिहू नका, मऊ पेन्सिलीनं पाकिटावर लिहा आणि त्या पाकिटात फोटो ठेवा.

एकदा एका घरातून फोटो आला. आजोबा 'बेंगाल' वर होते, आणि हा फोटो त्या लढाईनंतरचा, असं घरात दोन पिढ्या सांगत आलेले. 11 नोव्हेंबर 1942 ला हिंदी महासागरात या छोट्या सुरुंगशोधक जहाजानं, एका डच तेलवाहू जहाजाच्या जोडीनं, दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यातलं 'होकोकू मारू' बुडालं. बेंगाल सिडनीत बांधलेली, तिचा क्रमांक जे 243. बॉम्बे, मद्रास आणि पंजाब ही तिची भावंडं. फोटोतलं जहाज त्याच वर्गाचं होतं, मागे करंजाचा डोंगर स्पष्ट होता, म्हणजे मुंबईही पक्की. आकड्यांतले पहिले दोन जुळत होते. शेवटचा आकडा अर्धा कठड्याच्या सावलीत होता. 2400 डीपीआयला पुन्हा स्कॅन केलं, तेव्हा तो 3 नव्हता.

मी तसं कळवलं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आजोबांच्या सेवापुस्तिकेत बेंगालचं नाव खरोखरच होतं, पण त्याच्या पुढच्याच ओळीत दुसऱ्या जहाजावर बदली झाल्याची नोंद होती, जी आजवर कुणी वाचलीच नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, फोटो फक्त दुसऱ्या ओळीतला होता. आता पाकिटावर त्या दुसऱ्या जहाजाचं नाव आहे, खाली 'मुंबई बंदर, नक्की' आणि त्याच्याखाली 'पावसाळा सोडून, बहुधा'.